सिझरचे टाके, हर्नियाचं ऑपरेशन आणि मध : कुठं लावायचा, कुठं नाही

नमस्कार दादा. तुम्ही सगळं खुलासेवार लिहिलंत ते बरं झालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. तुमच्या मिसेसचं दुसरं सिझर झालंय, आज आठवा दिवस, टाक्याच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी येतंय आणि तिथं बोटाच्या पेराएवढी जागा उघडलीय. मामांनी किनवटकडच्या रानातला आग्या मोहोळाचा मध आणलाय अन् आत्या म्हणायल्यात की तोच भरा, दोन दिवसात जखम सुकती. दुसरं म्हणजे वडिलांचं पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे, जाळी बसवायची आहे, त्यांना शुगर आहे, आणि तुम्ही मेडिकल हनीची ट्यूब बघितलीय. ती पहिल्या दिवसापासून टाक्यावर लावली तर इन्फेक्शन होणारच नाही का, असं विचारलंय.

मी जनरल सर्जन आहे, शिकलो अंबाजोगाईला आणि नंतर बीड जिल्ह्यातच काम करतोय. ऑपरेशनं तर असतातच पण चिघळलेल्या जखमा हा माझ्या ओपीडीचा लई मोठा भाग आहे आणि त्यात मी मध वापरतो, चांगला उपयोग होतो म्हणूनच वापरतो, त्यामुळं मी मधाच्या विरोधात बोलायलोय असं समजू नका. पण उघडी, घाण झालेली जखम वेगळी आणि नीट शिवलेली कोरडी जखम वेगळी. पहिलीत मधाला काम आहे, दुसरीत नाही. आणि दोन्हीकडं घरचा मध तर नाहीच नाही.

आधी वहिनींचं बघू कारण ते आजचं काम आहे. मध, हळद, बेटाडीन, पावडर काहीही घालायच्या आधी जिथं सिझर झालं तिथंच आज दाखवून या, उद्यावर टाकू नका. त्या फटीतून येणारं पाणी कसलं आहे ते महत्त्वाचं. पिवळसर, पातळ, वास नसलेलं असेल तर बऱ्याचदा चरबीच्या थरात साचलेलं पाणी असतं, ते निघून गेलं की जागा भरते. घट्ट, पांढरट-हिरवट, वास मारणारं असेल तर पू, म्हणजे टाके पिकले. आणि तिसरा प्रकार लक्षात ठेवा, गुलाबीसर पातळ पाणी अचानक भसकन येऊन साडी भिजली तर आतला मजबूत थर उसवलेला असू शकतो, तेव्हा स्वच्छ ओलं कापड झाकायचं, काही खाऊ-पिऊ घालायचं नाही आणि गाडी करून तडक दवाखाना गाठायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. १००.४ च्या वर ताप, टाक्याच्या बाजूची लाली दर काही तासांनी सरकत जाणं, दिसतंय त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त असणं, कातडी निळी-काळी पडणं, खालून अंगावर जाणाऱ्या पाण्याला घाण वास येणं, यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही. सिझरनंतर ताप म्हणजे फक्त टाक्याचाच असतो असं नाही, गर्भाशयाच्या आत पण इन्फेक्शन असू शकतं अन् त्याला बाहेरून काहीही लावून उपयोग नाही.

तिथं डॉक्टर काय करतील ते आधीच सांगतो म्हणजे घरचे घाबरणार नाहीत. ते कदाचित एक-दोन टाके मुद्दाम काढतील. लोकांना वाटतं अरे जोडायचं सोडून अजून उघडायलेत, पण आत पू कोंडलेला असताना वरून कातडी जुळलेली ठेवली तर पू खाली पसरतो, त्याला वाट करून देणं हाच खरा इलाज आहे. मग सलाईननं धुणार, आतला थर शाबूत आहे का ते बघणार, पू असेल तर कल्चरला पाठवणार, म्हणजे त्यात कोणता जंतू आहे अन् कोणतं औषध त्याला चालतं ते लॅबमध्ये बघणार. हे कल्चर आवर्जून करून घ्या, चार दिवस घरच्या घरी काहीतरी अँटिबायोटिक खाऊन मग कल्चर केलं तर त्यात काही नीट उगवत नाही आणि पुढं औषध निवडताना डॉक्टर अंधारात राहतो. लाली पसरत नसेल, ताप नसेल, तर नुसतं उघडून धुण्यावर पण भागतं, गोळ्या लागतीलच असं नाही. लागल्या तर बाळ अंगावर पितंय हे सांगा, चालणारी औषधं आहेत, त्यासाठी दूध तोडायची सहसा गरज पडत नाही.

आता मामांच्या मधाचं. मामांनी मायेनं आणलाय आणि मध अस्सल असेल यात मला शंका नाही, पण अस्सल वेगळं अन् निर्जंतुक वेगळं. रानातलं पोळं कसं काढतात ते तुम्हाला माहितीच आहे, धूर देऊन माशा उठवायच्या, पोळं कापायचं अन् हातानं पिळायचं, त्यात मेण, अंडी-अळ्या, परागकण, धुराची काजळी, पिळणाऱ्याचे हात, जुन्या फडक्याची गाळणी आणि वर धुतलेली-न धुतलेली दारूची नाहीतर तेलाची बाटली. खायला चालतंय. पण मधात काही जंतूंचे बीजाणू झोपलेल्या अवस्थेत टिकून राहतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे त्यात मुख्य, धनुर्वात आणि बॉट्युलिझम ज्या कुळातले जंतू करतात तेच हे कूळ. मधात ते वाढत नाहीत पण मरत पण नाहीत. पोटाच्या उघड्या जखमेत, जिथं रक्तपुरवठा कमी अन् हवा कमी, तिथं असला माल भरायची जोखीम मी घेणार नाही, वहिनींवर तर नाहीच. त्यात आग्या मोहोळाच्या मधात पाण्याचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर काढला तर, म्हणून तो फेसाळतो, आंबतो. आंबलेला मध म्हणजे त्यात यीस्ट वाढायलंय. मग तो जखमेत कशाला.

काही जण म्हणतात, गरम करून गार केला तर? तर बीजाणू त्यानं मरत नाहीत आणि मधातलं जे कामाचं एन्झाइम आहे ते मात्र मरतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. दुकानातल्या बाटलीचं सांगायचं तर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या संस्थेनं बाजारातले १३ ब्रँड तपासून घेतले होते, त्यातले सगळ्या चाचण्या पास झालेले फक्त ३ निघाले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ. त्यामुळं किराणा दुकानातली बाटली हा पण पर्याय नाही, आणि बाहेरच्या देशातून मागवलेली खाण्याची महागडी मनुका हनीची (मनुका हे न्यूझीलंडमधलं झाड, आपला बेदाणा नव्हे) बरणी सुद्धा नाही, ती महाग असते पण खाण्यासाठीच असते, जखमेसाठी निर्जंतुक केलेली नसते.

मग मेडिकल हनी म्हणजे काय, तर ठराविक प्रतीचा मध गाळून, तपासून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. डोस साधारण २५ किलोग्रे. यात मध तापत नाही, बीजाणू मरतात आणि गुण बऱ्यापैकी शाबूत राहतो, इथंच सगळा फरक आहे. ट्यूबमध्ये येतो, नाहीतर अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून केलेली, स्राव शोषणारी पट्टी) किंवा जाळीच्या पट्टीत भिजवलेला येतो. पाकिटावर जखमेसाठी असं लिहिलेलं पाहिजे, निर्जंतुक असल्याचं, बॅच नंबर, एक्स्पायरी, परवाना नंबर पाहिजे. हे नसेल तर नाव काही का असेना, परत ठेवा.

मध काम कसा करतो ते थोडं सविस्तर सांगतो कारण ते कळलं की कुठं लावायचा अन् कुठं नाही ते आपोआप कळतं. मधात साखर ८० टक्क्यांच्या आसपास आणि पाणी २० च्या आत. एवढ्या घट्ट साखरेत जंतूला वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही, आपला मोरावळा वर्षभर खराब होत नाही त्याच कारणानं. जखमेवर ठेवला की हा मध आतलं पाणी स्वतःकडं ओढतो, त्याबरोबर जखमेतला घाण स्राव, मेलेल्या पेशी, सैल झालेला सडका थर वर येतो, जखम आतून धुतल्यासारखी होते. दुसरं, मध आंबट असतो, पीएच साडेतीन ते साडेचारच्या घरात, आणि जुनाट जखमा बहुतेक त्याच्या उलट बाजूला असतात, जंतूंना आंबटपणा मानवत नाही. तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं. मधमाशी मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम घालते, घट्ट मधात ते झोपून असतं, पण जखमेच्या पाण्यानं मध पातळ झाला की ते जागं होतं अन् थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करायला लागतं. आपण बाटलीतलं जे फसफसणारं पेरॉक्साइड ओततो ते ३ टक्के असतं आणि चांगल्या पेशींना पण जाळतं, मधातलं त्याच्या मानानं फार कमी ताकदीचं पण तासन् तास चालणारं, त्यामुळं जंतूंना त्रास आणि नव्या मांसाला फारसा नाही.

न्यूझीलंडच्या मनुका झाडाच्या मधात याशिवाय मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ भरपूर असतो, त्याची जंतू मारायची ताकद पेरॉक्साइडवर अवलंबून नसते. तिकडं वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांनी या विषयावर आयुष्य घातलं, तो पदार्थ नेमका कोणता हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. प्रयोगशाळेत मध एमआरएसए, सुडोमोनास असल्या हट्टी जंतूंवर पण चालतो, आणि एकाच वेळी चार बाजूंनी मारा होत असल्यानं जंतू अँटिबायोटिकला जसे सरावतात तसे मधाला सरावलेले सहसा दिसत नाहीत. सुश्रुतानं व्रणासाठी मध अन् तूप सांगितलंय हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, पण जवळचं एक लोकांना माहीत नसतं. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भाजलेल्या १०४ पेशंटचा अभ्यास छापला होता, ५२ जणांना मध आणि ५२ जणांना भाजल्यावर लावतात ती सिल्व्हर सल्फाडायझिन. मधवाल्यांच्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. जगभर मधावर जे लिहितात ते हा अभ्यास सांगितल्याशिवाय पुढं जात नाहीत, आणि तो आपल्या धाराशिवच्या शेजारी झालेला आहे, मला याचा अभिमान वाटतो.

पण अभिमान बाजूला ठेवून सगळे अभ्यास एकत्र बघावे लागतात. कॉक्रेन ही संस्था तेच काम करते, त्यांनी २०१५ मध्ये मधाच्या २६ ट्रायल, ३०११ लोक, एकत्र तपासले. निष्कर्ष असा की वरवर भाजलेल्या जखमा साध्या ड्रेसिंगपेक्षा मधानं चार-पाच दिवस लवकर भरतात, आणि ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालेल्या जखमा अँटिसेप्टिक आणि गॉजपेक्षा लवकर भरतात. बाकीच्या जखमांबद्दल, पायाच्या शिरांच्या अल्सरसकट, ठाम काही म्हणता येत नाही. या "ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालेल्या" मध्ये १९९९ चा एक अभ्यास आहे तो वहिनींच्या केसच्या अगदी जवळचा, सिझर अन् गर्भपिशवीच्या ऑपरेशनचे टाके पिकलेल्या ५० बायका, मधवाल्यांचं इन्फेक्शन निम्म्याहून कमी दिवसांत आटोक्यात आलं. लहान अभ्यास आहे, ५० म्हणजे फार नाहीत, पण ओपीडीत मला जे दिसतं त्याच्याशी जुळणारा आहे.

म्हणजे वहिनींच्या जखमेत डॉक्टरांनी टाका काढून पू काढला, आतला थर शाबूत निघाला, आणि तळाला पिवळा चिकट थर राहिला, तर मेडिकल हनी हा तिथं चांगला पर्याय आहे, तुम्ही स्वतःहून विचारा. पू निघायच्या आधी मात्र नाही, पू कोंडलेल्या जागेवर मध लावणं म्हणजे दिवस घालवणं.

लावायची पद्धत पण सांगतो, पहिले दोन-तीन वेळा सिस्टरकडून करून घ्या अन् बघून घ्या. हात साबणानं धुवायचे, टँकरचं पाणी असलं तरी एकानं तांब्यानं धार धरली की दीड तांब्यात दोन्ही हात स्वच्छ निघतात, हे टाळायचं नाही. जखम सलाईननं धुवायची, फोडलेली सलाईनची बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. मध जखमेत ओतण्यापेक्षा पट्टीवर घ्यायचा, दहा बाय दहा सेंटीमीटरच्या पट्टीला साधारण २० मिली हे माप मोलन यांचंच आहे, वहिनींच्या छोट्या जागेला त्याच्या मानानं कमी लागेल. पट्टी जखमेच्या तळाला टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर उपयोग नाही. ठासून मात्र भरायची नाही, अन् आत किती पट्ट्या ठेवल्या ते लिहून ठेवायचं म्हणजे एखादी आत राहून जात नाही. वर पाणी शोषणारं जाड पॅड.

पहिले दोन-तीन दिवस स्राव वाढल्यासारखा दिसतो, मध पाणी ओढतो म्हणून, त्याला घाबरू नका, पण पॅड भिजलं की बदला, दिवसातून दोनदा लागलं तर दोनदा, नंतर दिवसाआड पण चालतं. बाजूची चांगली कातडी भिजून पांढरी पडायला लागली तर कडेनं झिंकचं मलम किंवा व्हॅसलिन लावा. चुरचुरतं थोडा वेळ, आंबटपणामुळं, काहींना जास्तच चुरचुरतं, सहन होत नसेल तर बंद करायचं, ओढून-ताणून चालू ठेवायचं नाही. मधमाशी चावल्यावर अंग सुजत असेल, मधाची ॲलर्जी असेल, जखमेतून रक्त वाहत असेल, किंवा जखमेचा तळच दिसत नसेल, तर मध नको. आपल्याकडं आणखी एक अडचण येते जी बाहेरच्या देशातल्या कागदावर लिहिलेली नसते, एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर गेला की ट्यूबमधला मध पाण्यासारखा पातळ होऊन पट्टीखालून गळतो, आणि रात्री खाली झोपलेल्या बाईच्या पट्टीला मुंग्या लागतात. म्हणून उन्हाळ्यात मी अल्जिनेटच्या पट्टीतला मध घेतो, तो जागेवर राहतो, आणि वरची पट्टी चारी बाजूंनी चिकटवून पूर्ण बंद करतो. बाळंतिणीला पलंग द्या, गोठ्याच्या बाजूची खोली नको, माशा फार.

तळाला लालसर, दाणेदार, हात लागला की किंचित रक्त येणारं मांस दिसलं की मधाचं काम संपलं. त्यानंतर साधी ओलसर पट्टी पुरते, किंवा डॉक्टर परत एक-दोन टाके घेतात. महागाची ट्यूब महिनाभर चालवायची गरज नसते.

आता वडिलांचं. नीट शिवलेल्या टाक्यावर मध लावून इन्फेक्शन टाळता येतं का, तर असा पुरावा नाही. साधं लॉजिक बघा, कातडी जुळवून शिवली की २४ ते ४८ तासांत वरचा थर जुळून येतो, बाहेरचं काही सहजासहजी आत जात नाही. मधाला तिथं ओढायला घाण नाही, पातळ व्हायला स्राव नाही, एन्झाइम जागं करायला पाणी नाही, वरचा वर चिकट बसून राहील फक्त. आणि टाके पिकवणारे बहुतेक जंतू ऑपरेशन चालू असतानाच आत गेलेले असतात, पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरचे. डब्ल्यूएचओनं २०१६ मध्ये ऑपरेशनच्या इन्फेक्शनवर जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट आहे की शिवलेल्या जखमेवर इन्फेक्शन टाळण्यासाठी साध्या पट्टीऐवजी भारी पट्ट्या वापरू नका, फायदा दिसत नाही.

शुगरवाल्यांसाठी अजून एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटात नळी घालून करतात त्या डायलिसिसच्या ३७१ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, हनीपॉट नावाची, नळी जिथून बाहेर येते तिथं रोज मेडिकल हनी लावायचा की नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम. मध काही सरस ठरला नाही, आणि डायबेटिसवाल्यांत तर मधवाल्यांना इन्फेक्शनचा त्रास जास्त झाला. ती नळीची जागा, टाक्याची जखम नाही, तरी शुगरवाल्या माणसाला विनाकारण रोज मध लावायला मी याच्यामुळं कचरतो.

ट्यूबचे पैसे अन् तुमची काळजी या महिन्यात दुसरीकडं लावा. सगळ्यात मोठं काम शुगरचं. ऑपरेशनच्या दिवशी अन् नंतरचे दिवस शुगर २०० च्या आत पाहिजे, ती अचानक आदल्या रात्री उतरत नाही, आत्तापासून फिजिशियनला दाखवा, तीन महिन्यांची शुगर करा. ती फारच वाढलेली असेल आणि हर्निया अडकलेला नसेल तर तारीख पुढं ढकलायला सर्जनला स्वतःहून सांगा, कुणी रागावत नाही. कोणती गोळी ऑपरेशनच्या किती दिवस आधी बंद करायची ते पण तेव्हाच विचारून लिहून घ्या, काही गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वडील बिडी ओढत असतील तर चार आठवडे आधी बंद, तंबाखू मळून खात असतील तर ती पण, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात अन् जखमेला रक्त मिळत नाही. मला माहितीय शेतातल्या माणसाला हे किती अवघड जातं, पण जाळी आत बसणार आहे, जाळीला इन्फेक्शन झालं तर कधी कधी ती काढावीच लागते, म्हणून एवढा आग्रह धरतोय.

आदल्या रात्री घरी किंवा गावातल्या न्हाव्याकडून ब्लेडनं केस काढून यायचं नाही. हे आपल्याकडं अजून सर्रास चालतं अन् त्यानं डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात, रात्रभर त्यात जंतू वाढतात. काढायचेच असतील तर दवाखान्यात क्लिपरनं, ऑपरेशनच्या आधी. आदल्या दिवशी अन् सकाळी साबण लावून अंघोळ, जांघा अन् बेंबी नीट साफ. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर द्यायच्या आधी दोन तासांच्या आत गेलं पाहिजे, चीर दिल्यावर देऊन तेवढा उपयोग नाही. आणि ऑपरेशननंतर पाच-सात दिवस "सेफ्टी म्हणून" चालणाऱ्या अँटिबायोटिकनं इन्फेक्शन टळत नाही, हे पण डब्ल्यूएचओनं सांगितलंय, सर्जनला नम्रपणे विचारायला हरकत नाही. साधी कोरडी निर्जंतुक पट्टी दोन दिवस, मग बहुतेक वेळा अंगावर पाणी घेता येतं, रगडायचं नाही, टिपून कोरडं करायचं. टाक्यावर कुंकू, चुना, चहापत्ती, राख काही नाही. जाळी असल्यामुळं लक्ष नुसतं महिनाभर नाही, तीन महिने ठेवायचं, दोन महिन्यांनी लाली किंवा गाठ आली तरी टाके केव्हाच भरले म्हणून सोडून द्यायचं नाही.

पथ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतोच, कारण घरात आत्या आहेत म्हणजे वहिनींना वरण, अंडी, दही बंद केलं असणार. तुरीच्या डाळीनं पू होतो, वांग्यानं टाके पिकतात, हे मी रोज ऐकतो. जखम भरायला प्रोटीन लागतं आणि आपल्याकडच्या बाईला ते मिळतं कशातून, तर डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, मटकी यातूनच. ते सगळं बंद करून नुसता मऊ भात अन् साजूक तूप दिलं तर अंगावर दूध पण कमी अन् जखम पण तशीच. त्यात हिमोग्लोबिन सात-आठ असलं की अजून उशीर. वहिनींना जाडसर वरण, दोन अंडी खात असतील तर ती, मेथी, लिंबू पिळून, सगळं द्या. आत्यांना मी सांगितलं म्हणून सांगा. मग महिना-दीड महिन्यात वहिनी ऊसतोडीला, कापूस वेचायला, पाण्याच्या कळशा उचलायला लागणार नाहीत एवढं तुम्ही बघा. परकराचा नाडा टाक्यावर आवळत असेल तर काही दिवस गाऊन घालू द्या, पोटाची वळी टाक्यावर येत असेल तर मध्ये स्वच्छ सुती कापड ठेवा, घामानं तो कोपराच आधी उसवतो आणि तुम्ही सांगितलेली जागा मला तशीच वाटतेय.

मामांचा मध वाया जाणार नाही, घरातली मोठी माणसं खातील, वडील सोडून, त्यांच्या शुगरला मध अन् साखर यात काही फार फरक नाही. पण नवीन बाळ घरात आहे आणि मध पण घरात आहे म्हणून स्पष्ट लिहितो, बाळाला मधाचं बोट चाटवायचं नाही, वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही. वर सांगितलेले तेच बीजाणू लहान लेकराच्या आतड्यात उगवू शकतात, मोठ्यांच्या सहसा नाही. लेकरू मलूल पडतं, अंगावर ओढत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, संडास बंद होते. आधीच चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका, बहुतेकांना काही होत नाही, पण यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना मध चाटवला होता हे न लपवता सांगा.

दवाखान्यात जाऊन आल्यावर त्यांनी काय केलं, कल्चरमध्ये काय आलं आणि शक्य असेल तर जखमेचा उजेडातला फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून, पाठवा, मग मध लावायचा का आणि कोणता ते पुढं बोलू.